चाचपणाऱ्या हातासाठी

"ओल्या हाताने शेगडी बंदच होत नाही हो," ही तक्रार मी घराघरांत ऐकली आहे. घरगुती उपकरणांवरची टच पॅनल तयार करणं हे माझं काम. इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांच्या काचेवर कोणती खूण कुठे असावी, बोट टेकलं की काय व्हावं आणि काय अजिबात होऊ नये, हे मी ठरवते. कारखाना पुण्याजवळ आहे. पण या कामातलं बरंचसं मी लोकांच्या ओट्याशेजारी उभं राहून शिकले.

काचेखाली बटण असं काही नसतंच. सर्किट बोर्डावर तांब्याची एक चकती असते, किंवा बोर्ड आणि काच यांच्यामध्ये दाबून बसवलेली छोटी स्प्रिंग. तिच्याभोवतीच्या विद्युतक्षेत्रात बोट आलं की कपॅसिटन्स बदलतो. शेगडीची काच साधारण ४ मिलिमीटर जाड. तिच्यातून बोटामुळे पडणारा फरक एका पिकोफॅरडच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. एवढ्याशा फरकावरून चिपने ओळखायचं की हे बोट. त्यात शेजारीच कॉइलमधला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा उलटसुलट होत असतो आणि त्याचा गोंगाट या नाजूक मोजमापात मिसळतो. आपल्याकडे घरात येणारी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते. नेमक्या त्या क्षणी कॉइलचा जोर ओसरलेला असतो, तेवढ्यात चिप बोटाची चाहूल घेऊन मोकळी होते. हे तंत्र मला आजही फार देखणं वाटतं.

पण स्वयंपाकघरात कोरडं बोट असतं कुठे? पाण्याचा एकटा थेंब फारसं काही करत नाही. त्याचा ओघळ झाला, दोन खुणांवर मिळून पसरला किंवा कडेच्या धातूच्या पट्टीला जाऊन टेकला, की चिपला तो बोटासारखाच भासतो. म्हणून खुणांभोवती आम्ही तांब्याची आणखी एक रेघ फिरवतो, तिला गार्ड म्हणतात. सगळीकडे एकदमच बदल दिसला तर ते बोट नव्हे, पाणी, असं समजून पॅनल लॉक होतं. आता दूध उतू जातं आहे असं समजा. दूध काचेवरून वाहत खुणांवर आलं आहे, घरातलं माणूस धावत येऊन 'बंद'वर बोट ठेवतं आहे आणि लॉक झालेलं पॅनल ऐकत नाही. ज्या क्षणी हाताला सर्वांत जास्त सत्ता हवी, नेमकी त्याच क्षणी ती काढून घेतली जाते. म्हणून पॅनलने आधी कॉइल बंद करायची आणि मगच लॉक व्हायचं, हा क्रम आम्ही पक्का केला. त्याची दुसरी बाजूही आहे. कुकरच्या शिट्टीबरोबर उडालेल्या चार थेंबांनी शेगडी बंद पडली तर वरण कच्चं राहतं आणि वैताग येतो तो वेगळाच. किती ओल म्हणजे धोका, ही मर्यादा ठरवायला आम्ही काचेवर काय काय ओतलं! साध्या पाण्याची चाचणी सहज पार करणारं पॅनल मीठ घातलेल्या पेजेपुढे गोंधळतं, कारण खारट द्रवातून वीज जास्त वाहते.

लोडशेडिंगचाही एक धडा आहे. वीज आली की चिप सर्वप्रथम 'बोट नसतानाची स्थिती' मोजून घेते आणि पुढचं सगळं त्या मापाशी ताडून पाहते. वीज गेलेली असताना कुणी ओटा पुसून ओलं फडकं पॅनलवरच ठेवलं, तर वीज आल्यावर चिप त्या फडक्यासकटची स्थिती खरी धरते. मग फडकं उचललं की बोट लागेनासं होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका घरी हे डोळ्यांसमोर घडलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत वीज जात नाही, त्यामुळे तिथे हे कुणाला सुचलं नसतं. फडकं उचलल्यावर येणारा उलटा बदल ओळखून चिपने नव्याने माप घ्यावं, ही दुरुस्ती तिथून आली.

आणि बांगड्या. शेगडीच्या खुणा पुढच्या कडेला एका ओळीत असतात. मागच्या भांड्यातली भाजी हलवायला हात पुढे गेला की मनगट त्या ओळीवरून जातं आणि बांगड्या काचेला घासतात. काचेच्या बांगड्यांनी काहीच होत नाही. सोन्याच्या पाटल्या मात्र धातूच्या, शिवाय हाताला टेकलेल्या, त्यामुळे त्या बोटासारख्याच वागतात. एका काकूंची शेगडी मधूनच आच वाढवायची. मी शेजारी बसून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्यांना मी पाटल्या काढून स्वयंपाक करायला सांगणार नव्हते. आम्ही खुणांमधलं अंतर वाढवलं आणि पुढे सरकत जाणारा स्पर्श आज्ञा म्हणून धरायचा नाही असं ठरवलं.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती मला नीट कळली एका अंध बाईंच्या घरी. त्यांच्या जुन्या मायक्रोवेव्हला दाबायची बटणं होती आणि त्यांनी त्यावर टिकल्या चिकटवल्या होत्या: सुरूवर एक, बंदवर दोन. बोट फिरवत टिकली शोधायची, सापडली की दाबायचं. तो बिघडल्यावर मुलाने काचेचा नवा आणला. त्यांनी त्यावरही टिकल्या लावल्या. पण टिकली शोधत बोट फिरू लागलं की वाटेतली प्रत्येक खूण आज्ञा समजून पाळली जायची. भांडं आत ठेवण्याआधीच तो सुरू व्हायचा प्रयत्न करायचा, वेळ बदलायचा, पिकपिक करत राहायचा. बाई शांतपणे म्हणाल्या, "याला विचारताच येत नाही काही. हात लावला की करतोच."

आपला हात आधी चाचपतो, मग दाबतो. अंधारात दिव्याचा खटका शोधताना बोटं भिंतीवरून फिरतात आणि खटका सापडेपर्यंत काहीही घडत नाही. काचेला चाचपणं आणि दाबणं यांतला फरक कळत नाही. तो फरक गेला की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही करता येत नाही. मग अंध माणसाची वाट बंद होते, फोडणीकडे लक्ष असलेल्या डोळस बाईचीही होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारने चालना द्यावी असं म्हटलं आहे. माझ्या मते त्याची सुरुवात हा फरक परत आणण्यापासून व्हायला हवी.

वॉशिंग मशीनच्या बाबतीत तर पाहण्याने तरी काय साधतं, हा प्रश्न आहे. पुष्कळ घरांत मशीन लावतात त्या कामाला येणाऱ्या मावशी, आणि पॅनलवरचं इंग्रजी त्यांच्यासाठी नसतंच. एका मावशींनी मला त्यांची रीत दाखवली: डावीकडून तिसरं, मग खालचं मोठं. ही जागेची आठवण अगदी भक्कम असते. त्या तीन घरांतली तीन वेगवेगळी मशीन न चुकता लावत होत्या. टचस्क्रीनवर मात्र 'नेहमी वापरले जाणारे' प्रोग्राम आपोआप वर आणायची टूम निघाली आहे. कागदावर ती सोय दिसते. प्रत्यक्षात आज तिसरं असलेलं उद्या पहिलं होतं आणि मावशींना कुणालातरी हाक मारावी लागते. आमच्या मशीनवर खुणांचा क्रम हलणार नाही, यासाठी मी भांडले आणि त्याचं मला समाधान आहे.

काचेचे फायदे मी नाकारत नाही. फोडण्यांचा चिकट राप बटणांच्या खाचांत बसतो तेव्हा तो काढणं किती जिवावर येतं, हे मला बायकांनी दाखवून दिलं आहे. काच एका हाताने पुसता येते. शिवाय कारखान्याला ती स्वस्त पडते: भोकं नाहीत, रबरी सील नाहीत. म्हणून मी सगळंच जुनं परत आणा असं म्हणत नाही. आच कमी करणं आणि बंद करणं, एवढंच न पाहता करता यावं, असं मी बैठकीत मांडलं. 'जॉन एस. मॅकेन' या अमेरिकी युद्धनौकेचं उदाहरण दिलं. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ तिची एका टँकरशी टक्कर झाली आणि तिच्यावरचे १० खलाशी दगावले. चौकशीत अपुऱ्या प्रशिक्षणाबरोबरच सुकाणू आणि वेगाच्या टचस्क्रीन नियंत्रणांतल्या गोंधळावरही बोट ठेवलं गेलं, आणि नौदलाने पुढे हाताने ढकलायचे दांडे परत आणायचं ठरवलं. शेगडी म्हणजे युद्धनौका नव्हे, हे तिथे कुणीतरी म्हणालंच. मी म्हटलं, हात तोच आहे.

विद्युत चुलींसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात एक नियम आहे: स्पर्शाने चालणारी चूल चालू करायला किमान दोन कृती लागाव्यात, बंद करायला एकच पुरावी. मी हा नियम शेगडीपुरता न ठेवता सगळ्या उपकरणांना लावते. 'बंद' सोडून बाकी प्रत्येक खुणेवर बोट क्षणभर टेकवून ठेवावं लागतं. 'बंद' लगेच ऐकतं. आच वाढली तर चढता स्वर, उतरली तर उतरता. महागड्या शेगडीला आम्ही चुंबकाने चिकटणारी गोल चावी दिली आहे. पुसताना ती उचलून ठेवता येते आणि गॅस बारीक करायची सवय असलेला हात तिच्याकडे आपोआप जातो.

एका चुलीच्या स्वस्त इंडक्शनला ती चावी मिळालेली नाही, किंमत वाढते. वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत, जिथे हीच एकमेव चूल असते तिथे ही शेगडी जाते. म्हणून तिच्या प्लास्टिकच्या कडेला, 'बंद'च्या बरोबर खाली, साच्यातच एक उंचवटा घ्यायला लावला. साचा एकदा बदलायचा, त्यानंतर प्रत्येक शेगडीमागे वेगळा खर्च येत नाही, हे हिशेब मांडून दाखवावं लागलं. अंगठा आता त्या उंचवट्यावर नुसता ठेवता येतो. काही सुरू होत नाही, काही बंद होत नाही. वर सरकवला की शेगडी बंद. चावीच्या मागणीचा कागद मी पुढच्या वर्षीच्या खर्चाच्या बैठकीसाठी पुन्हा दिला आहे.