चिमे, विमान बांध. पण एकटीने नको

प्रिय चिमे,



विमानाचं किट मागवायचं तू मनावर घेतलं आहेस आणि मामा काय म्हणतो याची वाट बघते आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. मामाचा होकार आहे. पण त्या होकारासोबत जे सांगायचं आहे ते तुझ्या दोन फ्लाइट्सच्या मधल्या वेळात फोनवर सांगून होणारं नाही, म्हणून हे पत्र. तुझ्यासारखी आणखी चार पोरं-पोरी हाच बेत करत असतील, त्यांच्याही हाती पडावं म्हणून ते उघडंच लिहितो आहे.

तू उडवतेस ते एअरबस ए-320. त्याच्या एकेका भागामागे कारखाना असतो, तपासणारा असतो, सही करणारा असतो. तू कॉकपिटमध्ये बसतेस तेव्हा इतक्या जणांची जबाबदारी तुझ्या आधी पार पडलेली असते. किटच्या विमानात यातलं काहीच नाही. अमेरिकेत हा प्रकार रुजला, तिथला नियमच असा की अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतःच्या हातांनी केलेलं असावं. मग त्या विमानावर ‘एक्सपेरिमेंटल’ असं ठळक लिहावं लागतं. म्हणजे कारखाना तू, तपासनीस तू आणि पहिल्यांदा ते हवेत नेणारीही तूच. माझी काळजी एवढ्या एकाच गोष्टीची आहे. तुझ्या हातांबद्दल मला शंका नाही.

आम्ही मेंटेनन्सवाले एक गोष्ट कधी सोडत नसू: ड्युप्लिकेट इन्स्पेक्शन. एलेव्हेटरची, रडरची, एलेरॉनची जोडणी उघडली की बसवणारा एक आणि तपासणारा दुसरा. दुसऱ्याने त्या कामाला हात लावलेला नसला पाहिजे. नट किती घट्ट आहे, स्प्लिट पिन घातली आहे का, स्टिक डावीकडे नेली की डावा एलेरॉन वर जातो का, हे त्याने पहिल्याला न विचारता बघायचं आणि मग सही करायची. केबल उलट्या जोडल्या गेल्या तर जमिनीवर कुणाच्या ध्यानात येत नाही; चाकं सुटल्यावर येतं, आणि तेव्हा वेळ नसतो. घरी विमान बांधणाऱ्याला ही दुसरी सही सक्तीने मागितली जाईलच असं नाही. ती तू स्वतःहून मागावीस.

दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावर मी पुष्पक या प्रशिक्षण विमानावर काम केलं. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, कापडाचं आवरण, 90 अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटग्यांच्या हाताखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याचा आराखडा झाला आणि 1958 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. फार गुणी विमान. शिकाऊ पोरांनी केलेल्या कितीतरी चुका त्याने पोटात घातल्या. तू ज्या विमानांची चित्रं पाठवलीस ती तशी नाहीत.

त्यातलं लॅन्सएअर 4-पी तर ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात जातं. दिसायला देखणं, यात वाद नाही. पण तेवढा वेग यावा म्हणून पंख लहान ठेवलेला असतो, आणि पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर आरव्ही-14 या दुसऱ्या किट-विमानाच्या दुपटीहून जास्त वजन येतं. परिणाम असा की ते उतरतंही वेगात, आणि स्टॉल झालं, म्हणजे पंखाची उचल गेली, तर सावरायला उंची भरपूर लागते. इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली तर हा फरक जगण्या-मरण्याचा ठरतो. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने लॅन्सएअरवाल्यांना याबद्दल वेगळी सूचना काढली होती: एकूण हौशी विमानांत यांची संख्या तीन टक्क्यांच्या आसपास, आणि जीवघेण्या अपघातांतला वाटा त्याच्या कितीतरी पट. माझं ऐकशील तर आरव्ही घे. तेही ताशी तीनशेच्या आसपास जातं, तुला तेवढं पुष्कळ.

पिट्सचं नावही तुझ्या यादीत होतं. कर्टिस पिट्सने आपल्या या कसरतीच्या विमानाचे नकाशे घरी बांधणाऱ्यांनाही विकले. दिल्लीत मात्र ते नाव आठवतं 23 जून 1980 मुळे. दिल्ली फ्लाइंग क्लबच्या, पण कारखान्यातच बनून आलेल्या पिट्समध्ये संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना होते. कमी उंचीवर कसरत करताना ताबा सुटला आणि दोघेही गेले. विमान उत्तम होतं; खाली उंची नव्हती.

आता बांधणीबद्दल. आरव्हीच्या पत्र्यांना भोकं पाडलेली येतात. तरी दीड-दोन हजार तास धरून चाल. प्रत्येक भोकाची कड साफ करायची, रिव्हेटचं डोकं बसायला डिंपल पाडायचा, क्लेको म्हणजे तात्पुरत्या पिना लावून पत्रे जुळवायचे, मग रिव्हेट. रिव्हेट ठोकल्यावर मागे जी टोपी तयार होते ती दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्म्या जाडीइतकी उंच हवी. कमी ठोकलं तर पकड नाही, जास्त ठोकलं तर पत्रा ताणतो. पुढून रिव्हेट गन धरणारा आणि मागून बकिंग बार दाबणारा, असं हे काम मुळातच दोघांचं आहे.

भोकाच्या कडेवर एवढा जोर का देतो ते सांगतो. आरव्ही बनवणाऱ्या ओरेगॉनच्या व्हॅन्स कंपनीने मध्यंतरी काही भाग पंचऐवजी लेझरने कापून पाठवले. डिंपल पाडताना त्यातल्या काही भोकांना चिरा जाऊ लागल्या. त्या पहिल्यांदा दिसल्या त्या घरोघरी बसून कडा निरखणाऱ्यांना. भाग बदलून देण्याचा भार आणि वाढलेले खर्च मिळून डिसेंबर 2023 मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पुढे ती सावरली. तेव्हा पैसे एकदम गुंतवू नकोस.

भारतात हे किती अवघड आहे ते तुला अमोल यादवांकडून कळेल. तेही तेव्हा एअरलाइनचे पायलट होते. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, किट न घेता, स्वतःच्या आराखड्याने. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते क्रेनने खाली आणावं लागलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये, उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये, आणि धुळ्याला ते हवेत गेलं 2020 च्या ऑगस्टमध्ये. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हिशेब बघ: विमान बांधून झाल्यावरही कागदांत वर्षं गेली. म्हणून पहिला पत्रा कापण्याआधी नियमावली हातात घे, आपलं किट कोणत्या वर्गात बसतं ते लेखी विचार, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो व नोंदी तारखेसह ठेव.

दिल्लीत उडवायचं कुठे, हेही आत्ताच ठरव. सफदरजंगवर आता छोट्या विमानांना वाव नाही, राष्ट्रपती भवनाभोवती उड्डाणबंदी, आणि उरलेलं आकाश पालमच्या रहदारीने भरलेलं. तुझ्यासाठी कर्नालकडच्या धावपट्टीचाच विचार करावा लागेल. मे महिन्यात तिथे पारा 43 वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. पहिलं उड्डाण थंडीतच कर, आणि धुकं सरल्यावर. पेट्रोलची मात्र थोडी सोय झाली आहे: इंडियन ऑइलने देशात बनवलेलं एव्हगॅस सप्टेंबर 2022 मध्ये इथे हिंडनलाच बाजारात आणलं.

आणि एक अट. 2012 मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने या विमानांचा मोठा अभ्यास केला. त्यात दिसलं की पहिल्या काही उड्डाणांतच अपघात फार होतात, आणि दुसऱ्याने बांधलेलं विमान विकत घेणाऱ्यांचंही तसंच. तुझे एअरबसवरचे तास इथे उपयोगी नाहीत. त्याच जातीच्या विमानावर, ते रोज उडवणाऱ्या शिक्षकासोबत आधी शिकून ये. तोवर पहिल्या उड्डाणाला माझा होकार आहे असं समजू नकोस.

सध्या फक्त शेपटीचं किट मागव. तेवढ्यात तुझा हात बसेल, आणि नकोसं वाटलं तर नुकसानही थोडं. बकिंग बार मी धरेन. ड्युप्लिकेट इन्स्पेक्शनला मात्र मी चालणार नाही, कारण कामाला माझा हात लागलेला असेल. त्यासाठी माझ्याबरोबरचा एक जुना इंजिनिअर रोहिणीत आहे, त्याला विचारलं आहे आणि तो येतो म्हणाला. तुझ्या सोसायटीच्या तळघराच्या दाराची रुंदी मोजून कळव. पंखाचा एक भाग तिरका करून बाहेर निघतो का, ते मला आधी कागदावर बघायचं आहे.

तुझा,
मामा