हौद बुजवायचा राहिला

पावसाळा लागला, की माझ्या दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक उपदेश ठरलेला असतो. आठवड्यातून एक दिवस घरातील पाण्याची भांडी रिकामी करावीत, आतून घासावीत आणि कोरडी ठेवावीत. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्याआधी भांडे कोरडे झाले, की साखळी तुटते. दोन वर्षांपूर्वी हा उपदेश ऐकून एक आजीबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, आमाले रांजण कोरडा करा म्हन्ता, अन् तुमच्या परसात त हौदच भरून हाये.’’

त्यांचे म्हणणे खरे होते. आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा तो हौद. पाणी सुमारे साडेतीन हजार लिटर. आईने त्यात हौसेने कमळे लावली होती. ती गेली, मग कमळेही गेली आणि पाणी हिरवेगार झाले. बाबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त शिक्षक. विस्मरणाने त्यांच्या आयुष्यात पाऊल टाकले होते. जेवण झाले की नाही, हे ते विसरत. हौदाच्या काठाशी खुर्ची टाकून बसणे मात्र चुकत नसे. मुरूम टाकून हौद बुजवावा, असे मी ठरवले. ट्रॅक्टर दाराशी आला, तेव्हा बाबा काठावरून उठेचनात. एवढेच म्हणाले, ‘‘बुजवू नको. पाणी साफ कर.’’

पाणी साफ करण्यासाठी मी औषधांच्या बाटल्यांचा विचार करीत होतो. बाबांनी विचारले, ‘‘आजीच्या मोरीमागे काय होतं रे?’’ मला आठवले, कर्दळ, अळू आणि केळ. सांडपाणी त्या वाफ्यात जिरे, आणि तिथे कधी घाण वास येत नसे. काल काय घडले हे न आठवणाऱ्या माणसाला साठ वर्षांपूर्वीचा वाफा स्पष्ट दिसत होता. जुन्या आठवणी आणि हातांना जडलेल्या सवयी या आजारात पुष्कळ काळ टिकतात, हे मी पुस्तकात शिकलो होतो. घरात ते त्या दिवशी पाहिले.

या वाफ्याचे शास्त्र साधे आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. गिट्टीच्या पृष्ठभागावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट वनस्पती मुळांवाटे शोषून घेतात. शेवाळाला खायला थोडेच उरते. जर्मनीत कॅटे झायडेल यांनी १९५०च्या दशकात पाणवनस्पतींनी दूषित पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेचे ‘फायटोरिड’ तंत्रही याच तत्त्वावर चालते.

आम्ही हौदाला लागून आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद असा उंच वाफा बांधला, म्हणजे हौदाच्या पाव हिश्शाएवढा. तळाशी भोके पाडलेला पीव्हीसी पाइप, वर फूटभर गिट्टी, माती अजिबात नाही. पंप पाणी तळातून वर ढकलतो आणि ते झाडांच्या मुळांतून हौदात परत पडते. ४० वॅटचा पंप दिवसरात्र चालला, तर रोज सुमारे एक युनिट वीज लागते. तो बंद ठेवू नये. प्राणवायू संपला, की जिवाणू मरू लागतात आणि गिट्टी सडका वास देते.

पहिली चूक माझीच. आमच्या भागात चुनखडीचा दगड मुबलक; मी त्याचीच गिट्टी भरली. महिनाभरात कर्दळीची नवी पाने पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. चुन्याने पाणी अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. सगळी गिट्टी काढून काळ्या दगडाची भरली. खडा ठेचून त्यावर लिंबू पिळावे. फेस आला, तर ती गिट्टी वापरू नये.

आता झाडांविषयी. जिथे ऊन भरपूर, तिथे कर्दळ. ती भराभर वाढते आणि पाण्यातील खत भरपूर खाते. सावलीच्या बाजूला अळू. वेखंड सावकाश वाढते, पण चिवट. वाळा उन्हाळा सोसतो. कडेने जलब्राह्मी पसरते. पाणकणीस टाळावे, त्याचे कंद गिट्टी गच्च करून टाकतात. जलपर्णी आणि तरंगणारी पिस्टिया हौदात नकोच. हत्तीरोग पसरवणाऱ्या मॅन्सोनिया डासाच्या अळ्या अशा झाडांच्या मुळांना चिकटून श्वास घेतात. रोपांची मुळे धुऊन लावावीत आणि पिवळी पाने वेळच्या वेळी कापावीत. कुजलेले पान आपले खत पुन्हा पाण्यातच सोडते.

वाहते पाणी आणि अळ्या खाणारे गप्पी मासे असल्यावर डासांना थारा राहत नाही. तरी मी दर आठवड्याला वाटीभर पाणी उजेडात धरून पाहतो. गप्पी नाल्यात वा नदीत सोडू नयेत. तिथल्या देशी माशांना ते उपद्रव करतात.

घरात वृद्ध असतील, तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात. काठावर शेवाळ साचू देऊ नये, धरायला कठडा असावा. पंपाच्या जोडणीला ईएलसीबी हवाच आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. मधुमेही व्यक्तीने अनवाणी काम करू नये; पायाची जखम तिला कळतही नाही. लहान मुले असतील, तर हौदावर जाळी हवी.

एके दिवशी बाबांनी ब्राह्मीची पाने खुडून विचारले, ‘‘ही खाल्ली तर आठवेल का रे सगळं?’’ हौदातली वनस्पती पाण्यातले जंतू आणि जड धातूही धरून ठेवते, म्हणून ती खाऊ नये, हे मी सांगितले. आठवेल की नाही, याचे उत्तर मात्र मला देता आले नाही. या वाफ्याने त्यांचा आजार हटलेला नाही. तो वाढतोच आहे. पण सकाळी उठायला त्यांना एक कारण आहे, आणि दुपारची त्यांची घालमेल कमी झाली आहे.

आजही चहा झाला, की आम्ही काठाशी जातो. ते रोज विचारतात, ‘‘ही कर्दळ कोणी लावली?’’ मी म्हणतो, ‘‘तुम्हीच, बाबा.’’ ते क्षणभर पाहतात आणि म्हणतात, ‘‘मग ते पिवळं पान काढायला पाहिजे. कात्री आण.’’