चापड्याच्या मुलखातून अण्णांना

कोल्हापूर, रात्री

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. केजपर्यंत उभंच राहावं लागलं, बार्शीला खिडकी मिळाली. सांगलीच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आपल्या तालुक्यातल्या माणसाला या उसाकडं नुसतं पीक म्हणून बघता येत नाही. दिवाळीनंतर धारूरच्या गल्ल्यांतली, तांड्यांवरची किती तरी घरं कुलूप लावून याच फडांत येतात. भुईवर कोपी, भुईवरच अंथरूण, आणि उंदराच्या मागं आलेली घोणस पाचटात. मुकादम उचल देताना या गोष्टीचा हिशेब कुठल्याच कागदावर धरत नाही.

आईनं निघताना विचारलं होतं, सुट्टी घेऊन कुणी साप बघायला जातं का, धारूरला काय कमी आहेत? तिला सांगा, कमी नाहीत, पण हा नाही. आपल्या बालाघाटात फुरसं आहे, घोणस आहे. दोघंही घोणसांच्या कुळातलेच, पण चापडा त्याच कुळाची निराळी शाखा. मी तरी आपल्या डोंगरात चापडा पाहिलेला नाही. रुग्णालयात इतकी वर्षं साप चावून, पान लागून आलेली माणसं बघितली. ज्याच्यावर आपलं औषध नीटसं चालत नाही असा एक गट सह्याद्रीत बसलाय, त्याला एकदा बघून यावं असं वाटत होतं. बरोबरच्या मैत्रिणींना फोटो काढायचेत. मला नाही.

उद्या आजऱ्यावरून आंबोली. बी.पी.ची गोळी चुकवू नका. तिच्याबद्दल एक गंमत आहे, ती निवांत लिहीन.

तुमची,
धाकटी


आंबोली

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आपल्याकडं वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, इथं साधारण ७,०००. कपडे वाळत नाहीत, काड्यापेटी पेटत नाही, आणि लोक त्याबद्दल तक्रारही करत नाहीत. हिरण्यकेशीच्या उगमाकडं जाणाऱ्या वाटेवर काल रात्री बॅटऱ्या घेऊन गेलो. आमच्याबरोबरचा वाटाड्या इथलाच, अबोल पोरगा. तो मधेच थांबला आणि म्हणाला, "बघा." आम्ही बघतोय, आणि काही दिसत नाही. कमरेएवढ्या उंचीवर करवंदीच्या जाळीत, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळ, चापडा बसला होता. शेपटीचा वेढा फांदीला, मान मागं ओढलेली, तोंड खाली पाणवाटेकडं. हिरवा, त्यावर तपकिरी नक्षी. थोडं पुढं दुसरा, तो पूर्ण तपकिरी. मला दोन जाती वाटल्या असत्या, पण एकच. मलबार चापडा हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी अशा किती तरी रंगांत येतो. जर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८५४ साली शास्त्राच्या वहीत याची नोंद केली. हा फक्त सह्याद्रीतला, जगात दुसरीकडं नाही.

पोरगा म्हणाला, हा याच फांदीवर परवाही होता. शिकारीमागं धावणं याच्या स्वभावात नाही. एका जागी बसायचं आणि बेडूक, पाल, उंदीर, एखादं पाखरू आपण होऊन येईपर्यंत थांबायचं. दिवस जातात. आपल्या बाजारच्या मारुतीच्या पारावरसुद्धा इतक्या निवांतपणे कुणी बसत नसेल.

आता खरी गोष्ट. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक खड्डा. बॅटरीत तो नीट दिसतो, तिसरी नाकपुडी असावी असा. फुरशाला नाही, घोणशीला नाही, नागाला तर नाहीच. खड्ड्याच्या आत हलगीवर कातडं ताणावं तसा एक पडदा ताणलेला असतो, मागं मोकळी हवा. पडदा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ, त्यामुळं किंचितशा उबेनंही लगेच तापतो. अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका फरक त्याला कळतो, असं मोजमाप झालेलं आहे. हा निरोप मेंदूत जातो तो डोळ्यांच्या निरोपाच्या जोडीला, एकाच ठिकाणी. म्हणजे अंधारात उंदीर त्याला ऊब म्हणून नुसता जाणवत नाही, तो कुठं आहे हेही त्याच चित्रात उमटतं.

हे कसं घडतं ते कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये खुळखुळ्या सापांवर शोधून काढलं. तेही चापड्याच्याच शाखेतले. मोहरीचा झणका आपल्या नाकात ज्या प्रथिनामुळं बसतो, त्याच जातीचं प्रथिन सापाच्या या पडद्यात उष्णता ओळखायला बसवलेलं आहे. ज्युलियस यांना पुढं २०२१ चं नोबेल मिळालं, ते तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांच्या एकूण कामाबद्दल.

मला एक शंका आली, तुम्हालाही येईल. बेडूक गार असतो, मग बेडूक खाणाऱ्याला ऊबमापक कशाला? रात्रभर विचार केला. पडद्याला नुसती ऊब नाही, आजूबाजूपेक्षा असलेला फरक कळतो. ओल्या अंगाचा बेडूक भोवतालच्या पानांपेक्षा थोडा गारच असणार, तोही फरकच. शिवाय उंदीर आणि पाखरं आहेतच, आणि आपल्यासारखी मोठी गरम जनावरं जवळ आली हेही त्याला कळायला हवं. आमच्या पाच जणींचे चेहरे त्याला पाच शेगड्यांसारखे दिसले असणार. तरी तो हलला नाही. हलली ती एक कॅमेरावाली. काडीनं त्याचं तोंड आपल्याकडं वळवायला निघाली होती, तिला पोरानं चांगलंच झापलं. मला बरं वाटलं.

आंबोलीत लोक लांबलांबून येतात, खोल्या भरतात, वाटाड्यांना काम मिळतं, ते या सापासाठी आणि इथल्या बेडकांसाठीही. इथं एक भेकही आहे, २००९ मध्ये नाव मिळालेला, आणि तो फक्त आंबोलीतच सापडतो. आपल्या धारूरच्या किल्ल्यातल्या फुरशासाठी कुणी कधी खोली घेतली नाही. मातकट रंगाचं, वीतभर-हातभर, दगडाखाली अंग घासत करकर आवाज करणारं. त्याचा फोटो कोण काढणार? आणि माणसं मात्र त्याच्यानंच दगावतात.

तुमची,
धाकटी


आंबोली, पाऊस उघडल्यावर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आज दिवसभर काही नाही, म्हणून मोठं पत्र. विषाचं लिहिते, कारण ते माझं रोजचं काम आहे.

तुम्ही रुग्णालयात एकदा विचारलं होतं, नळीत रक्त घेऊन तुम्ही लोक नुसते घड्याळाकडं काय बघत बसता? ते असं. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी एकदाच आडवी करायची. गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर आपल्याकडं फुरसं किंवा घोणस. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाचा अंश राहिलेली काचही चालत नाही. एवढ्या साध्या गोष्टीवर पुढचं सगळं ठरतं.

रक्त न गोठण्याचं कारण उलटं आहे. फुरशाच्या विषातला एक घटक रक्त गोठवण्याची यंत्रणाच चालू करून देतो. शरीरभर बारीक बारीक गुठळ्या होऊ लागतात आणि गोठायला लागणारा माल, फायब्रिनोजेन, संपून जातो. मग खरी गरज पडते तेव्हा शिल्लक काही नसतं. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येतं. चापड्याच्या शाखेतल्या सापांकडं याच कामाची दुसरी विकरं आहेत, ती फायब्रिनोजेनला थेट कुरतडतात. त्यांच्या जोडीला जस्ताच्या आधारानं चालणारी विकरं केशवाहिन्यांचं अस्तर फाडतात, आणि आणखी एक गट पेशींची आवरणं फोडतो, म्हणून ती भयंकर सूज आणि फोड. एका थेंबात एवढी माणसं कामाला. नाग, मण्यार यांचं विष नसांवर जातं, पापण्या मिटतात, श्वास थांबतो, ते प्रकरण वेगळं.

आता औषध. आपण जी प्रतिसर्पविषाची बाटली लावतो ती घोड्याच्या रक्तातून येते. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जायचं, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढून शुद्ध करायची. विष कुणाचं? चौघांचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाटलीवरच लिहिलेलं असतं की एका मिलिलिटरनं फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम आणि घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष मारलं जातं. चापड्याचं नाव त्यात नाही. कारण त्याचं विष घोड्याला कधी टोचलेलंच नाही. मलबार चापडा चावला तर बहुधा दुखणं आणि सुजेवर निभावतं, म्हणून त्याच्यासाठी कुणी वेगळी बाटली काढली नसावी. मला यात औषध कंपन्यांचा दोष कमी आणि हिशेब जास्त दिसतो.

पण चौघांतसुद्धा सगळं सरळ नाही. देशातल्या कंपन्यांना लागणारं बरंचसं विष चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतं, १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली. पूर्वी उंदीर-साप धरून पोट भरणारे, कातड्यांचा व्यापार बंद पडल्यावर रिकामे झालेले लोक. त्यांनी पकडावं, विष काढावं आणि साप परत रानात सोडावा, अशी व्यवस्था. मोठं काम. तरी तामिळनाडूतल्या सापाचं विष आणि दुसऱ्या मुलखातल्या त्याच जातीच्या सापाचं विष सारखं नसतं. बंगळूरचे कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बारकाईनं दाखवून दिलंय. कुठं कुठं बाटली कमी पडते, ती यामुळंही. दहा वायल लावून सहा तासांनी पुन्हा नळी आडवी केली आणि रक्त तसंच वाहिलं, असं तुमच्या लेकीनं बघितलंय. तेव्हा नातेवाईक आपल्याकडं बघतात, आणि आपण पुन्हा वायल फोडतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात पाठवायचं की थांबायचं, हे त्या सहा तासांत ठरवायचं असतं.

देशात वर्षाला अंदाजे ५८,००० माणसं सापानं मरतात. २००० ते २०१९ या काळाचा बारा लाखांचा आकडा २०२० मध्ये छापून आला तेव्हा आमच्या वॉर्डात कुणालाच नवल वाटलं नाही. हे बहुतेक मरण खेड्यातलं, पावसाळ्यातलं, शेतातलं आणि घरातलं.

आणि ती गंमत. तुमची सकाळची एनालाप्रिल. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा एक साप आहे, चापड्याच्याच शाखेतला. तो चावलेल्या माणसाचा रक्तदाब कोसळतो. साओ पावलोमध्ये १९४८ साली रोशा ए सिल्वा यांनी त्याच्या विषावर काम करताना शरीरातला ब्रॅडिकायनिन हा रक्तवाहिन्या सैल करणारा घटक ओळखला. पुढं त्यांच्याच परंपरेतल्या सर्जिओ फेरेरा यांनी विषातले असे तुकडे शोधले, जे ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवतात. त्या तुकड्यांवरून अमेरिकेत कुशमन आणि ऑन्डेट्टी यांनी १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल हा रेणू घडवला, १९८१ मध्ये तो औषध म्हणून मंजूर झाला. तुमची गोळी त्याची धाकटी बहीण. विष नाही हो तिच्यात, नाहीतर उद्यापासून घेणं बंद कराल. फक्त कल्पना सापाची.

आपलं फुरसंही यात मागं नाही. त्याच्या विषातल्या एका प्रथिनाकडं बघून टायरोफिबान बनवलं, हृदयाच्या झटक्यात रक्ताच्या गुठळ्या वाढू नयेत म्हणून देतात ते. आईला सांगा, किल्ल्याच्या दगडाखालच्या जनावराची नातलग शहरातल्या हार्टच्या दवाखान्यात बाटलीत बसलीय.

तुमची,
धाकटी


सावंतवाडी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

घाट उतरून खाली आले, उद्या परतीची गाडी. थोडक्यात लिहिते.

इकडं सुपारीच्या, काजूच्या बागांत आणखी एक चापडा आहे, नाकाड्या. नाकाचं टोक वर उचललेलं, लांबीला जेमतेम हातभर, पालापाचोळ्यात पान होऊन पडलेला. झाडावरच्या देखण्या भावापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. केरळात त्याच्या दंशानं रक्त न गोठणं आणि मूत्रपिंड बंद पडणं असे रुग्ण नोंदले गेले, २००७ साली ते अभ्यासात छापून आले. त्याआधी कित्येकांना फुरसं समजून चौघांची बाटली लावली जात होती आणि ती उपयोगी पडत नव्हती. कोकणातले डॉक्टर आता साप ओळखायला मोबाइलवर फोटो मागवतात, असं इथल्या एका सिस्टरनं सांगितलं. हे मला पटतं, पण लोक फोटोसाठी साप मारून, पिशवीत घालून आणतात ते नको. मेलेल्या सापाचं तोंडही चावतं.

एकेकाळी रत्नागिरीत सरकार फुरसं मारून आणणाऱ्याला बक्षीस देत असे. फुरसं अजून आहे, बक्षीस गेलं.

घरी एवढं करा. नागपंचमीला वारुळाला जाताना आईच्या पायात चप्पल असू द्या. सीताफळीच्या बुडाशी दगड रचलेत ते हातानं उचलायचे नाहीत, पहारीनं उलटायचे. रात्री रानात जाताना बॅटरी आणि पायात बूट, तुमची ती तुटकी वहाण नाही. कुणाला पान लागलं तर आधी गाडी, मग फोन मला. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही. पान लागलेल्याला मारुतीला नेऊन बसवणारे गावात अजून आहेत. त्यांच्याशी भांडू नका, म्हणावं, मारुतीला नमस्कार घालून गाडीत बसा.

केजला उतरले की फोन करते. धारूरची शेवटची गाडी चुकली तर कुणाला तरी न्यायला पाठवा.

तुमची,
धाकटी