गिलीट

आजीच्या पाटल्या गिलिटाच्या होत्या. खऱ्या केव्हाच मोडून त्यांची विहीर झाली होती. ‘गिलीट’ हा शब्द मला अस्सल गावठी वाटायचा, आजीच्याच तोंडी जन्मलेला.

पुढे कळलं, हे इंग्रजीतलं ‘गिल्ट’. ‘गिल्ड’ म्हणजे सोन्यानं मढवणं, आणि मढवलेलं ते गिल्ट. ‘फुल’चं जसं ‘फिल’ झालं, तसंच ‘गोल्ड’चं ‘गिल्ड’. अपराध या अर्थाचा ‘गिल्ट’ कानाला तोच, पण त्याचं कूळ निराळं. शेक्सपियरला मात्र एवढा सारखेपणा पुरला. झोपलेल्या पहारेकऱ्यांच्या तोंडांना राजाचं रक्त फासायला निघालेली लेडी मॅकबेथ ‘गिल्ड’ आणि ‘गिल्ट’ यांची कोटी करते. 1873 साली मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी ‘द गिल्डेड एज’ ही कादंबरी लिहिली आणि अमेरिकेच्या एका अख्ख्या कालखंडाला हे नाव चिकटलं. आत काय आहे ते न बोलता कळावं, असं नाव! सरकारी रोख्यांच्या बाजारात मात्र ‘गिल्ट’ म्हणजे सगळ्यात भरवशाचा कागद. आजीला हे पटलं नसतं.

मढवण्याची जुनी रीत जीवघेणी होती. सोनं पाऱ्यात कालवायचं, तो लोण्यासारखा गोळा धातूवर चोळायचा आणि तापवायचं. पारा उडून जाई, सोनं चिकटून राही. उडालेला पारा जाई कारागिराच्या छातीत. 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी विजेनं मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं. त्यातलं द्रावण सायनाइडचं. एक विष गेलं, दुसरं आलं.

पण मला खरी गंमत वाटली ती शब्दाच्या मुळाची. ‘गोल्ड’ आणि ‘यलो’ ज्या प्राचीन धातूपासून निघाले, त्याच्याच संस्कृतातल्या फांदीवर ‘हिरण्य’ आहे, ‘हरित’ आहे, ‘हरिद्रा’ आहे. हरिद्रा म्हणजे आपली हळद. म्हणजे पार इंग्लंडातून आलेलं गिलीट आजीच्या मिसळणाच्या डब्यातल्या हळदीचं लांबचं भावंड निघालं! मग जेजुरीला ‘सोन्याची’ म्हणतात ते उगाच नव्हे. तिथं पायऱ्या, दीपमाळा, माणसांचे केस, सगळं भंडाऱ्यानं मढतं. पारा नको, वीज नको. मूठभर हळद उधळली की झालं.

आजी जेजुरीहून परतायची तेव्हा पाटल्यांच्या नक्षीत भंडारा अडकलेला असे. मुलामा उडून आतलं पितळ दिसायला लागलेलं, त्या जागा तेवढ्यापुरत्या पुन्हा पिवळ्या होत. पाटल्या मागे सारल्या की खाली मनगटावर पितळेचं हिरवं कडं उमटलेलं. ‘हिरवा’ही त्या ‘हरित’चाच. आजी ते चिंचेच्या बोळ्यानं घासायची, कणीक मळायला बसायची, आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा उमटायचं.