कॅशलेस

शनिवारी सकाळी धसईहून फोन. "दादा, कुत्र्याला गाडीने उडवलंय. घेऊन जा ना!"

धसई म्हणजे 2016 मधे कॅशलेस म्हणून गाजलेलं, मुरबाड तालुक्यातलं गाव. आमची छोटीशी संस्था तर कायमच कॅशलेस! टेम्पोवाल्याला डिझेलचे पैसे आधी हवेत, डॉक्टर कल्याणला, आणि शेडमधे जागा नऊ, कुत्री तेरा.

मोडलेला पाय जोडता येतो हो, पण पुढे काय? नसबंदी करून, रेबीजची लस टोचून जिथून उचललं तिथेच सोडायचं, हा 2023 च्या नियमांचा गाभा. म्हणजे शेवटी सांभाळायचं गावानेच.

म्हणून विचारलं, "बरं झाल्यावर भाकरी घालाल ना त्याला?"

थोडा वेळ शांतता. मग, "बघतो."

आपल्याकडे 'बघतो' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. तरी गाडी काढली. आता शेडमधे चौदा.