नंबर कुणाचा, नाव कुणाचं?

पहिला नंबर कुणाचा, हा प्रश्न आपल्याला फार आवडतो, नाही का? वर्गात पहिलं कोण, शर्यतीत पहिलं कोण, गॅदरिंगमध्ये पहिलं बक्षीस कुणाला! गाण्यांचंही तसंच. कुठलं गाणं एक नंबरवर, कुठलं घसरलं, याच्या याद्या आपण हौसेनं बघतो. पण या याद्या तयार कशा होतात? आणि त्यात काय मोजलं जातं, काय सुटून जातं? मला हे शिकवलं ते कुणा संगीततज्ज्ञानं नव्हे, तर माझ्या आईच्या वडिलांनी, आमच्या आबांनी.

आम्ही साताऱ्याचे, आजोळ सांगलीचं. सुट्टी लागली की लाल एस.टी.त बसायचं आणि कऱ्हाड, आष्टा करत सांगली गाठायची. आबा मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. दिवसभर पोत्यांचा हिशेब आणि संध्याकाळी रेडिओ, असा त्यांचा शिरस्ता. रेडिओशेजारी एक लांबट वही आणि पेन ठेवलेलं असायचं. गाणं लागलं की आबा त्यात नोंद करायचे. तारीख, गाण्याचं नाव, गायक, कवी, संगीतकार. अगदी रोजकीर्द लिहावी तशी!

१९९८ साली मी नववीत होते. त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये एक गाणं पहिल्या नंबरवर गेलं. नाव होतं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. गाणारा रॉक बँड 'कॉर्नरशॉप'. त्याचा मुख्य गायक तजिंदर सिंग हा इंग्लंडमध्येच वाढलेला पंजाबी घरातला मुलगा. गाण्यातली 'आशा' म्हणजे आपल्या आशा भोसले! त्यात लतादीदींचं आणि मोहम्मद रफींचंही नाव येतं. गंमत म्हणजे हे गाणं १९९७ मध्ये पहिल्यांदा निघालं तेव्हा साठाव्या नंबरपर्यंतच पोचलं होतं. मग नॉर्मन कुक नावाच्या संगीतकारानं त्याची लय वाढवून ते नव्यानं बांधलं आणि साठावं गाणं थेट पहिलं झालं.

आमच्या शेजारी केबल होती. तिथं हे गाणं बघून मी हरखून गेले होते. मे महिन्यात सांगलीला पोचल्या पोचल्या आबांना सांगितलं, "आबा, विलायतेत आशाबाईंचा पहिला नंबर आला!"

आबा हसले. म्हणाले, "पोरी, नंबर त्या बँडचा आला. आशाबाईंचं नाव आलं. पण ते जास्त चांगलं झालं बघ."

मला काही ते कळलं नाही. मग आबांनी मला पहिल्यापासून सांगायला घेतलं.

आशाबाईंचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा, सांगलीचा. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर, 'बलवंत संगीत मंडळी'चे गायक नट. मंगेशकरांचं बिऱ्हाड तेव्हा सांगलीत होतं. लतादीदींचंही लहानपण इथंच गेलं. पुढं बोलपट आले, नाटक कंपन्या बसल्या आणि हे कुटुंब सांगली सोडून पुण्याला गेलं. १९४२ मध्ये दीनानाथ गेले आणि त्या पोरींवर घराची जबाबदारी पडली. आशाबाईंनी १९४३ साली 'माझं बाळ' या मराठी चित्रपटात पहिल्यांदा पार्श्वगायन केलं. वय किती? फक्त दहा वर्षांचं!

मग आबा यादीकडे वळले. रेडिओ सिलोनवर ३ डिसेंबर १९५२ पासून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट आणि निवेदक अमीन सयानी. त्या सुमारास आकाशवाणीवर चित्रपटगीतं जवळजवळ बंद झाली होती, म्हणून सगळा देश बुधवारी रात्री सिलोनला कान लावून बसायचा. गाण्यांच्या क्रमांकाला अमीनभाई 'पायदान' म्हणायचे, म्हणजे पायरी. क्रमांक ठरायचा दुकानांतून किती तबकड्या विकल्या गेल्या त्यावरून. पण त्यात एक गोम होती. दुकानातल्या तबकड्या संपल्या तर लोकांना हवं असलेलं गाणंसुद्धा खाली घसरणार! आणि कुणी पैसेवाल्यानं स्वतःच गठ्ठ्यानं तबकड्या विकत घेतल्या तर? म्हणून मग गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही जमेस धरायला सुरुवात झाली.

"हळदीच्या भावासारखंच आहे हे," आबा म्हणाले. "भाव कळतो, पण कुणाच्या रानात पिकली ते कळत नाही."

१९७२ च्या वार्षिक यादीत 'हरे रामा हरे कृष्णा' चित्रपटातलं आशाबाईंचं गाणं सर्वांत वर होतं. आबांना ते आठवत होतं. तरीपण त्यांच्या वहीत नंबरांचा रकानाच नव्हता! मी विचारलं, "तुम्ही नंबर का लिहीत नाही?"

तेव्हा त्यांनी कामिनीची गोष्ट सांगितली. १९४९ साली 'महल' चित्रपट आला. खेमचंद प्रकाश यांचं संगीत. त्यातल्या एका गाण्यानं लोक वेडे झाले. पण तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी तर मधुबालाच्या भूमिकेचं नाव! तेव्हा तशीच पद्धत होती. गाणाऱ्यापेक्षा पडद्यावर ओठ हलवणाऱ्याला मान. लोकांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं, ही गाणारी कोण? शेवटी कंपनीकडून नाव मिळवून रेडिओवर सांगावं लागलं, लता मंगेशकर! म्हणजे बघा, गाणं सगळ्यांच्या तोंडी झालं, तरी नाव मिळालं ते श्रोत्यांनी विचारलं म्हणून.

"म्हणून मी नाव लिहितो," आबा म्हणाले. "नंबर काय, पुढच्या बुधवारी बदलतो."

त्यांच्या वहीत काही नावांपुढं लाल पेन्सिलीचा टिंब असायचा. ती आपल्या भागातली माणसं! आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर, वाळवा तालुक्यातल्या येडेनिपाणीचे पी. सावळाराम, पलूसजवळच्या नागठाण्याचे बालगंधर्व. पूर्वी सातारा आणि सांगली मिळून एकच जिल्हा होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे मी साताऱ्याची म्हणून चिडवलं, की आबा म्हणायचे, "अगं, टिंब दोघांचाच आहे!"

आता मोजणीचीही एक गंमत सांगते. १९७४ च्या गिनेस बुकात आलं, की सर्वाधिक गाणी लतादीदींची, २५,००० ! रफीसाहेबांनी त्याला हरकत घेतली. पुढं १९८४ च्या आवृत्तीत लतादीदींच्या जोडीला रफींचाही दावा छापला, २८,००० गाण्यांचा. १९९१ नंतर ही नोंदच काढून टाकली. कारण जाणकारांनी एकेक चित्रपट, एकेक तबकडी तपासली तेव्हा दोघांचीही हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपासच निघाली. मग २०११ मध्ये गिनेसनं आशाबाईंच्या नावावर विक्रम नोंदवला. १९४७ पासून वीसहून अधिक भारतीय भाषांत ११,००० पर्यंत गाणी. पाच हजार गाणी तरी कमी का आहेत? रोज एक म्हटलं तरी तेरा-चौदा वर्षं लागतील! पण खरा आकडा हवा तर अंदाज चालत नाही. एकेक नोंद करावी लागते. आबा करत होते तेच.

आशाबाईंचा आवाज पुढं अमेरिकेतही पोचला. 'आर.ई.एम.' या अमेरिकन रॉक बँडचा गायक मायकेल स्टाइप आणि आशाबाई २००२ मध्ये एका गाण्यात एकत्र आले. २००५ मध्ये 'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकन गटानं 'अपराध' (१९७२) आणि 'डॉन' (१९७८) या चित्रपटांतल्या आशाबाईंच्या दोन गाण्यांचे तुकडे आपल्या गाण्यात गुंफले. ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या नंबरपर्यंत चढलं. मूळ संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांनाही त्या गाण्याचं श्रेय मिळालं. पण ते गाणं ऐकून नाचणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल, की मधेच येणारा तो आवाज सांगलीत जन्मलेल्या एका बाईचा आहे?

आबा २००६ मध्ये गेले. त्यांच्या सात वह्या मामाच्या घरी, गावभागात, खालच्या कपाटात होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. घरात छातीएवढं पाणी! मामा-मामी जीव वाचवून बाहेर पडले हेच खूप. पाणी उतरल्यावर चिखलातून वह्या निघाल्या. आईनं एकेक पान सोडवलं, मधे वर्तमानपत्राचे कागद घातले आणि पंख्याखाली वाळवलं. बॉलपेननं लिहिलेली पानं बरीचशी वाचली. शाईपेनानं लिहिलेली मात्र नुसती निळी झाली होती. दोन वह्या पूर्ण गेल्या. आई त्या निळ्या पानांवरून कितीतरी वेळ हात फिरवत होती.

मग आम्ही ठरवलं, उरलेल्या पाच वह्या नव्यानं उतरवून काढायच्या. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. तीही बसली. एका पानावर मराठी भावगीताचं नाव वाचता येत होतं, पुढची नावं पुसलेली. तिनं लगेच मोबाइलवर शोधलं. गाणं क्षणात सापडलं, पण गाणारीचं नाव कुठंच दिलेलं नव्हतं! "आई, ही तर कामिनीच झाली की!" ती म्हणाली.

मामीनं दोन ओळी ऐकल्या आणि आवाज ओळखला. "आशाबाई." खात्री करायला माळ्यावरची पेटी काढली. पाणी माळ्यापर्यंत गेलं नव्हतं. पेटीत ताटलीएवढी, मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी सापडली. लेबलवर छापलं होतं: आशा भोसले, कवी पी. सावळाराम. मुलीनं तिन्ही रकाने भरले आणि न सांगता दोन लाल टिंब दिले.

मित्रमैत्रिणींनो, आज गाणं ऐकायला तबकडी लागत नाही की बुधवारची वाट बघावी लागत नाही. कुठलं गाणं किती लोकांनी ऐकलं, तो आकडाही पडद्यावर दिसतो. पण ते लिहिलं कुणी, चाल कुणी लावली, गायलं कुणी, हे पुष्कळदा दिसत नाही. ते आपण विचारायचं. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना त्यांची आवडती दहा गाणी विचारा आणि वहीत लिहून ठेवा. प्रत्येकापुढं तीन नावं: गायक, कवी, संगीतकार. एखादं नाव सापडलं नाही, तर जागा कोरी सोडा, पण अंदाजानं भरू नका. आणि हो, बॉलपेननंच लिहा!