समुद्रपंखा विकत घेण्याआधी

नवशिक्याला खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणता गॉर्गोनियन सांभाळता येईल, एवढंच मी विचारत होतो. तो भारतात विकत घेता येतो का, घरात ठेवता येतो का, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी अशा तोंडवलीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे सुचू नये, याची मला आजही लाज वाटते.

गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखे आणि त्यांचे भाईबंद. दिसायला झाड, पण तो हजारो इवल्या प्राण्यांचा समूह असतो. अशा प्रत्येक प्राण्याला, म्हणजे पॉलिपला, पिसांसारख्या आठ भुजा असतात, आणि आत गॉर्गोनिन नावाच्या प्रथिनाचा लवचीक कणा असतो. त्यामुळे लाटेबरोबर तो वाकतो, तुटत नाही. पंख्यासारखा पसरणारा गॉर्गोनियन प्रवाहाला आडवा उभा राहतो, कारण त्याचं खाणं प्रवाहातूनच येतं.

टाकीत ठेवणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पडतात. काहींच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर अन्न तयार करून त्यांना देतं. हे बहुतेक कॅरिबियन समुद्रातल्या उथळ पाण्यातले. रंग तपकिरी, राखाडी, फार तर जांभळट. दुसऱ्या गटात शैवाल नाही. लाल, शेंदरी, पिवळे असे भडक रंग बहुधा यांचे, आणि आपल्याकडच्या समुद्रातले बरेचसे याच गटातले. त्यांना दिवसातून अनेकदा बारीक खाद्य लागतं.

माझी मामेबहीण फ्लोरिडात असते. तिच्याकडे रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची टाकी आहे. तिने मला स्पष्ट सांगितलं होतं: "दादा, रंगावर जाऊ नकोस. तपकिरी घे. पॉलिप उघडे आहेत का बघ, बुडाशी साल सोललेली नाही ना ते बघ, आणि टाकीत वाढवलेल्या फांदीचा तुकडाच माग." सल्ला अचूक होता. तिकडे असे तुकडे उघडपणे विकत मिळतात. तिथेही सगळं मोकळं नाही. गॉर्गोनिया व्हेंटालिना आणि गॉर्गोनिया फ्लॅबेलम हे दोन समुद्रपंखे फ्लोरिडाच्या समुद्रातून काढायला बंदी आहे. तिच्या देशातला सल्ला मी माझ्या देशात जसाच्या तसा वापरला, आणि तोही अर्धाच. एका विक्रेत्याकडे लालभडक फांदी दिसली आणि मी ती मागवली. ती कुठल्या समुद्रातून आली हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

टाकीतही चुका झाल्याच. समुद्र दारात आहे, मग विकतचं मीठ कशाला, म्हणून मी कॅन भरून किनाऱ्याचं पाणी आणायचो. आमच्याकडे गड नदीचं पाणी खाडीतून जवळच समुद्राला मिळतं. पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता घसरते आणि गाळही भरपूर येतो. रीफ टँकला क्षारता हजारी ३५ च्या आसपास स्थिर लागते. ती मोजायचं साधन मी फार उशिरा घेतलं. उन्हाळ्यात चिलर नसल्याने पाणी तिशी ओलांडायचं. पावसात वीज गेली की पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर बंद, आणि प्रवाहावर जगणारा जीव साचलेल्या पाण्यात उभा.

खाद्याचा पेच सगळ्यात वाईट होता. कमी दिलं तर तो उपाशी राहतो, भरपूर दिलं तर न खाल्लेलं कुजून नायट्रेट आणि फॉस्फेट चढतात, हिरवं शेवाळ माजतं आणि फांद्यांवरच बसतं. अनुभवी माणसंही यात हरतात. माझ्या फांदीचे पॉलिप आधी रात्रीच उघडायचे, मग तेही थांबलं. गॉर्गोनियन अधूनमधून अंगावरचा मेणासारखा पापुद्रा टाकतो आणि त्या काळात मिटलेला असतो, हे मी वाचलं होतं. त्याचाच आधार घेऊन मी स्वतःची समजूत घालत राहिलो. खरं तर टोकांची साल गळून काळा कणा उघडा पडायला लागला होता. त्या प्राण्याचा जीव हळूहळू जात होता आणि मी त्याला सवय होतेय असं म्हणत होतो.

कायदा मला त्यानंतर कळला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळे गॉर्गोनियन २००१ पासून आहेत. त्यांच्याबरोबर रीफ बांधणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळही आहेत. म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत ही फांदी. गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५ हजार रुपये दंड. संरक्षण मेलेल्या सांगाड्यालाही आहे. माझ्या टाकीतला 'लाइव्ह रॉक' हासुद्धा प्रवाळाचाच दगड होता, हे तेव्हा लक्षात आलं. आमच्या जवळचं मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. त्याच्या हद्दीबाहेर नियम लागू नाही असा माझा समज होता. अनुसूची १ ला अभयारण्याची हद्द नसते, ती देशभर लागू आहे.

आणि घरातली गोष्ट. आमच्या माजघरात वर्षानुवर्षं काळ्या जाळीसारखं इंद्रजाल टांगलेलं होतं. दृष्ट लागू नये, भरभराट व्हावी म्हणून. इंद्रजाल म्हणून जे विकलं जातं ते बहुतेकदा वाळवलेला समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असतं. मरायला टेकलेली माझी फांदी बघून चुलते म्हणाले, "अरे, ता इंद्रजाल मां? जाळ्यात येता तेवा ता जिताच आसता. पण भायर काडल्यार कितीसा जगतला?" त्यांना जे जाळं ओढताना कळलं होतं, ते मला एवढी पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. ज्या भिंतीवर तो प्राणी मेलेला टांगला होता, तिच्यासमोर बसून मी त्याच्याच भाईबंदाला जगवायच्या गप्पा मारत होतो.

मी मेलेली फांदी, दगड आणि घरातलं इंद्रजाल वनविभागाकडे नेऊन दिलं आणि जे घडलं ते लिहून दिलं. आई आधी घाबरली. इंद्रजाल उतरवल्यावर काही वाईट होईल असं तिला वाटत होतं. तिला समजावायला वेळ लागला, पण तीच आता हे शेजारणींना सांगते.

टाकी आजही आहे. तिच्यात सिरॅमिकचा दगड, विकतचं मीठ आणि हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश आहेत. समुद्रातून न पकडता हे मासे वाढवता येतात. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीला शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी केली आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीची आवड असेल तर भारतात सुरुवात अशा माशांपासून करावी, हे माझं ठाम मत आहे. परदेशात राहणाऱ्यांनी तिथला कायदा आधी बघावा, मग तपकिरी, प्रकाशावर जगणारा, टाकीतच वाढवलेला तुकडा घ्यावा. लाल-पिवळ्याच्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

रापणीला आणि जाळी टाकायला जाणाऱ्या माझ्या गाववाल्यांना एक विनंती आहे. ओला, रंग न उतरलेला समुद्रपंखा जाळ्यात आला तर तो सोडवून तिथंच पाण्यात टाका, किनाऱ्यावर आणू नका. घरासाठी इंद्रजाल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा. कुणी ते विकताना दिसलं, दुकानात किंवा फोनवर, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.